गुंडीच्या पोटाची मापं

तीर्थस्वरूप ताई,

गुडघा कुरकुरत असतानाही वाकून केलेला नमस्कार घे. तुझी पाठ कशी आहे, भाऊजींचा खोकला गेला का, तुमची झालर शेपटी हलवत मजेत आहे ना, हे सगळं मनापासून विचारतो आहे. उत्तर सावकाश दे, कारण आधी मला माझं सांगायचं आहे. आमची गुंडी मरता मरता वाचली. आत्ता, हे लिहीत असताना, तिने माझ्या डाव्या चपलेचा पट्टा खाल्ला आणि मी तिला खुशाल खाऊ दिला.

झालं असं. दीडेक महिन्यापूर्वी गुंडी माजावर आली होती (थोरल्या बहिणीला असलं लिहायला लाज वाटते, पण डॉक्टरबाई तो शब्द दहादा बोलल्या, तेव्हापासून माझी भीड चेपली आहे). त्या दिवसांत ती एकदा दुकानाच्या मागच्या दाराने सटकली आणि समोरच्या चष्मेवाल्याच्या पायरीवर, त्याच्या काळ्या कुत्र्याला खेटून बसलेली सापडली. पुढे तिचं पोट वाढायला लागलं. आता बत्तीस वर्षं लोकांची पोटं मोजणाऱ्या शिंप्याला याचा अर्थ कुणी सांगायला हवा का? मी टेप काढली. पहिल्या रविवारी वीस इंच, दुसऱ्या रविवारी साडेएकवीस, तिसऱ्या रविवारी तेवीस. मापांच्या वहीत, एका वकिलाच्या कोटाखाली, 'गुंडी, पोट' अशी रीतसर नोंद. तिने जेवण टाकलं, म्हटलं डोहाळे. घटाघटा पाणी प्यायला लागली आणि दहादा बाहेर जायला लागली, म्हटलं पोटात चार-सहा जीव, तहान लागणारच. दिवसभर मशिनखाली पडून राहायची, म्हटलं जडावली बिचारी. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर तयार होतं! तुझी भावजय दोनदा म्हणाली की हिचे डोळे मला बरे दिसत नाहीत. मी म्हटलं, तुला बाळंतपणातलं काय कळतं? (तिची दोन झाली आहेत आणि माझं एकही नाही, हे तिने लगेच लक्षात आणून दिलं.)

मी आपला तयारीला लागलो. उरल्यासुरल्या कापडाची सहा दुपटी शिवली, अस्तरासकट. एक पिल्लू बेकरीवाल्याला, एक पोस्टमनला, असा शब्दही देऊन बसलो. आणि चष्मेवाल्याला येता-जाता 'काय व्याही!' अशी हाक मारायला लागलो. माणूस सोशिक, चार दिवस त्याने ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी दुपारी एक भिंग पुसत पुसत म्हणाला, "मास्तर, आमच्या काळ्याचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली."

रस्ता ओलांडून घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्याचा जबाब घेतला. दारात तुझी भावजय गुंडीखालून काढलेलं एक नवं दुपटं हातात घेऊन उभी होती. त्यावर पिवळट-तांबडा डाग, आणि वास. मी ते मशिनचं तेल असल्याचं सांगणार, तेवढ्यात गुंडी उठायला गेली आणि मागचे पाय दुमडून तशीच खाली बसली. माझ्याकडे बघून तिने शेपूट हलवलं, एकदाच. ताई, मी तिला तशीच उचलली आणि रस्त्यापलीकडे हाक मारली. चष्मेवाल्याने दुकान तसंच उघडं टाकून गाडी काढली. (व्याही असावा तर असा.)

डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी केली. पिल्लू एकही नाही; गर्भपिशवीत नुसता पू. ऑपरेशन न केलेल्या कुत्रीला माज संपल्यावर महिना-दोन महिन्यांत हे होऊ शकतं म्हणे. कधी बाहेर असा स्राव दिसतो, कधी पिशवीचं तोंड बंद असतं आणि बाहेर काहीच दिसत नाही, ते तर जास्त वाईट. उद्या बघू म्हणायची सोय नाही. आजच्या आज सलाईन आणि आजच्या आज पिशवी काढायची. कधीपासून चाललंय, असं बाईंनी विचारलं. मी वही पुढे केली. बाईंनी ती नीट वाचली आणि म्हणाल्या, "मापं अचूक घेतलीत. इथे यायला मात्र दोन रविवार उशीर केलात."

मग दोन तास बाकावर. (मी रडलो नाही. तिथल्या औषधांचा वास डोळ्यांना झोंबत होता.) दार उघडून बाई 'वाचली' म्हणाल्या तेव्हा मी चष्मेवाल्याला अशी काही मिठी मारली की त्याच्या खिशातला चष्मा मोडला. आणि गुंडीचे टाके! ताई, काय हात आहे त्या बाईंचा! एकसारखे, कुठे चुणी नाही, कुठे ताण नाही. दवाखाना कधी बंद केलात तर माझ्या दुकानात मशिन तुमचंच, असं मी त्यांना सांगून आलो. उरलेल्या पाच दुपट्यांचं मी गुंडीला टाके चाटता येऊ नयेत म्हणून जाकीट शिवलं आहे. त्यात ती माझ्या त्या वकिलापेक्षा रुबाबदार दिसते.

भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा, हल्ली जरासा शहाणा झालेला भाऊ

ता. क. गेल्या वर्षी तू झालरचं ऑपरेशन करायला निघाली होतीस आणि 'एकदा तरी तिला आई होऊ दे' म्हणत मीच तुला अडवलं होतं. ते माझं म्हणणं साफ चुकीचं होतं. तुझ्या मागच्या पत्रात होतं की झालर हल्ली पाणी फार पिते आणि झोपून असते. ती माजावर कधी आली होती? उत्तर लिहीत बसू नकोस. हे वाचून होताच तिला डॉक्टरकडे ने.

आणखी ता. क. (यांच्या नकळत लिहिते आहे.) ताई, हे पत्र लिहायला यांनी तीन दिवस घेतले आणि मुद्द्याची गोष्ट शेवटी ठेवली, म्हणून मी पहिल्याच दिवशी तुम्हाला फोन केला होता. झालरला तेच निघालं, वेळेत गेलात, काल ऑपरेशनही छान झालं, हे यांना मी अजून सांगितलेलं नाही. तुमच्याकडून एकच हवंय. पत्र पोचलं की उलट टपाली लिहा, 'तुझं पत्र वेळेवर आलं, म्हणून झालर वाचली.' गुंडीच्या ऑपरेशनच्या दिवसापासून माणूस धड जेवलेला नाही.