मिठागरावरची हवा

३ फेब्रु. ८३, गुरु.
माझ्या सुनीला पुन्हा दम लागला. शाळेतून अर्ध्यात घरी आणली. नऊ वर्षांची पोर, ओटीच्या दोन पायऱ्या चढताना थांबते. आई माझ्यावरच उखडली. "तुजी कंपनी सगली हवा खाते. म्हनून पोरीला पुरत नाय." आमच्याच शेतावर उभा राहिलेला प्लांट, मी तिथेच कामाला. हवा आत ओढायची, गार करून पाण्यासारखी पातळ करायची, ऑक्सिजन काढून लोखंडी बाटल्यांत भरायचा. आईचं बोलणं हसण्यावारी नेलं. पण जेवण गेलं नाही.

५ फेब्रु., शनि.
लॅबमधल्या दामले साहेबांना विचारलंच शेवटी. आपण हवा संपवतो का? खूप हसले. "पाटील, आपण घेतो ते समुद्रातून लोटाभर. आणि हा ऑक्सिजन झाडांच्याही आधीचा. सुरुवातीला पृथ्वीवर नव्हताच. पाण्यातल्या बारीक हिरव्या जिवांनी उन्हात सोडला, अब्जावधी वर्षं साठत गेला. तुमच्या मिठागराच्या तळाला हिरवट थर असतो ना? त्याच जातीचे."
लहानपणापासून तो थर तुडवत आलो. घाणच म्हणायचो.

७ फेब्रु., सोम.
कुणाला सांगितलं नाही. सुनीला सकाळीच मिठागराच्या बांधावर नेलं. ऊन चढल्यावर थरातून बुडबुडे निघतात. खरंच दिसले! तिला म्हटलं, वाकून श्वास घे.
"बाबा, वास येतो."
"येऊ दे. ताजी हवा आहे."

९ फेब्रु., बुध.
तिसरा दिवस. आज धुकं, गारठा. तरी नेलीच. बांधावरच छाती वाजायला लागली, ओठ निळे. खांद्यावर टाकून रस्त्यापर्यंत पळालो. एका टेम्पोवाल्याने वाशीला दवाखान्यात सोडलं. ॲडमिट. ऑक्सिजन लावला. डॉक्टर ओरडले, "असल्या ओलीत कशाला नेलंत?"

१० फेब्रु., गुरु.
दामले साहेब बघायला आले. सगळं सांगून टाकलं. आज हसले नाहीत. "अहो, तो ऑक्सिजन कधीच सगळीकडे पसरलाय. मिठागरावर काय, तुमच्या ओटीवर काय, सारखाच. हवा कमी नाही पाटील. तिच्या छातीतली वाट आवळते."
म्हणजे मीच...
आई कोपऱ्यात बसून आहे. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

११ फेब्रु., शुक्र.
बाटला आमच्याच प्लांटचा. दाबाचा काटा खाली येतो तसा मी उठून पुन्हा पुन्हा बघतो. रोज शेकड्याने भरतो, कधी काट्याची भीती वाटली नव्हती.
दुपारी सुनी मास्कखालून म्हणाली, "बाबा, हा तुमी भरला?"
हो म्हटलं. कुणी भरला देव जाणे.
"मग घरी जाताना घेऊन चला. मला बाहेरची हवा नको."
तिला समजावलं, बाहेरही हाच आहे, सगळीकडे आहे. तिने मान हलवली, नको. माझं तिने का ऐकावं?
डॉक्टर उद्या सकाळी मास्क काढून बघणार आहेत. तिने आत्तापासून तो दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलाय.