राखणीपुरती

नाहूर, रविवार

दिपेश, बाळा,

विमा कंपनीने तुला वॉर्डात राहू दिलं नाही म्हणून तू अजून शिव्या घालतोस, आणि मीही तुझ्यासोबत घालते. आज खरं लिहिते.

दारू सोडवायला तुला घाटकोपरच्या हॉस्पिटलात नेलं, तेव्हा फॉर्म भरणारी नर्स निघाली आपल्याच सोसायटीतली नमिता. तू बाहेर बाकावर होतास. तिने मला विचारलं, "रोज किती घेतो?" तुझं लग्न ठरत होतं रे. मी पटकन म्हणाले, "छे, रोज कुठली! गावी वर्षातून एकदा देवाला राखण देतात ना, कोंबडा आणि बाटली? त्यातली तीर्थ म्हणून घेतो, बस."

रोजच्या दोन क्वार्टरबद्दल चकार शब्द काढला नाही.

तुझे हात थरथरताना बघून डॉक्टरांनी दाखल करायला लिहिलं. पण कंपनीने तो फॉर्म वाचून कळवलं, 'पिणं प्रासंगिक, दाखल करण्याची गरज नाही, घरीच गोळ्या द्याव्यात.' आपण घरी आलो. तिसऱ्या दिवशी तुला फिट आली, ओट्याच्या कोपऱ्यावर आपटलास आणि डावा डोळा गेला. लग्नही मोडलं.

काल गावाहून तुझा फोन आला. "ताई, आज राखण होती. सगळ्यांनी घेतली, मी बाटलीला शिवलो पण नाही!" केवढा खूश होतास. मी म्हटलं, "शहाणा गं बाई माझा भाऊ."

तुझी वर्षातली एकदाचीसुद्धा सुटली. माझं खोटं मात्र रोजचं आहे.

तुझी,
कल्पिताताई