तुझ्या खिडकीतली फट

ठकू,

आधी एक ऐक, तुझ्या खोलीच्या खिडकीला हात लावू नकोस. चौकटीच्या फटीत मी स्प्रेचा फोम मारलाय, तो अजून वाळला नाही. मारला तेव्हा एवढासाच दिसला, म्हणून आणखी मारला. चहा पिऊन येतो तर उतू चाललेल्या दुधासारखा बाहेर! पुसायला गेलो, तर पडदा, चष्मा आणि माझा उजवा हात सगळंच बरबटलं. साबणानेही निघेना. काय लावायचं ते विचारायला दुकानात जातोय. हे डाव्या हाताने लिहिलंय. अक्षराला हस हवं तर, आल्यापासून एकदाही हसली नाहीस.

आज माझ्या खोलीत झोप. फोम कडक झाला की वर आलेला भाग सुरीने कापायचा आहे. ते तूच कर, मी चौकटही कापून ठेवीन.

चार दिवसांसाठी आलेय म्हणालीस, मी बरं म्हणालो. पण काल तुझी बॅग उचलून ठेवताना वरच स्वेटर दिसले. एवढ्या उन्हाळ्यात!

त्या फटीतून थंडीत फार वारा येतो गं. म्हणून आत्ताच बुजवायला घेतली.

बाबा