पिस्गाच्या डोहाचं पाणी

३ मार्च २०१९, रविवार

ठरलं एकदाचं! उपासनेनंतर सभा झाली. महिनाअखेर ओढ्यावरचं विजेचं टर्बाइन फिरलं तर पिस्गा चॅपेल चालू राहणार. नाही फिरलं तर उन्हाळ्यात कुलूप. आम्ही नऊजण, सगळे कोट घालून. पाळक प्रिचर्ड प्रार्थना करत होते तेव्हा तोंडातून वाफ निघत होती. त्यांचं 'आमेन' आधी दिसलं, मग ऐकू आलं.

हिवाळ्यात चॅपेल गरम ठेवणं आता परवडत नाही. थंडीमुळे माणसं येत नाहीत, आणि माणसं नाहीत म्हणून परवडत नाही. पण ओढा आमचा आहे. ओढ्यावर, छपरावर, वाऱ्यावर कुणी थोडीफार वीज केली तर सरकार युनिटमागे पैसे देतं, वीस वर्षं. त्या विजेवर चॅपेल ऊबदार राहील, वर छपराची डागडुजीही होईल. फक्त नव्यांसाठी या योजनेचं दार एकतीस तारखेला बंद होतंय. कायमचं.

घरी आलो. बायको, लोरी, सूपसाठी लीकची पात चिरत होती. "काय ठरलं?" मी सांगितलं. "बरं," म्हणाली आणि चिरत राहिली.

तिचं मोरिया चॅपेल आमच्या पिस्गासमोरच, रस्त्यापलीकडे. ते मेथडिस्टांचं, पिस्गा बॅप्टिस्टांचं. लग्नापासून दर रविवारी आम्ही दोघं फाटकापर्यंत बरोबर जायचो, मग ती डावीकडे, मी उजवीकडे. गेल्या वर्षी मोरिया विकलं. आता तिथे सुट्टीला येणारे लोक राहतात. पाळक उभे राहायचे तिथे फ्रिज आहे. तेव्हापासून लोरी रविवारी घरीच असते. मी एकदाच विचारलं होतं, पिस्गात येतेस का? म्हणाली, "कुलूप लावताना एकदा पाहिलंय, इद्वल. पुन्हा तेच बघायला कशाला येऊ?"

पुन्हा विचारलं नाही.

८ मार्च, शुक्रवार

पहाटे जुळी कोकरं. दोन्ही उभी राहिली. देवाची दया.

दुपारी ऱ्हिडवेन आला. टर्बाइन बसवणारा, शेजारच्या खोऱ्यातला. काम चांगलं करतो, तोंड त्याहून जास्त चालवतो. टर्बाइनची खोली चॅपेलमागे तयार झालीय. वर टेकडीवर बाप्तिस्म्याचा जुना डोह आहे, तिथून खाली पाइप आणायचा.

"लेका इद्वल, तुमच्या आजोबांनी जागा बघून ठेवली होती! दगडी काठ, पायऱ्या, अडवायला फळ्या. आयतं धरण."

"बुडवण्यासाठी बांधलं होतं ते. माणसांना."

"मग आता इतकी वर्षं कोरडं का?"

काय सांगणार. आम्हा बॅप्टिस्टांत मोठेपणी पूर्ण पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतला तरच सभासद होता येतं. बुडायला कुणी उरलं नाही.

१४ मार्च, गुरुवार

पाइपचा सांधा सुटला. दोघंही डोक्यापासून पायापर्यंत भिजलो. ऱ्हिडवेन म्हणाला, "आता मी बॅप्टिस्ट झालो का?" हसता हसता पाना ओढ्यात पडला.

१९ मार्च, मंगळवार

वाईट बातमी. सगळ्या देशाला एकाच महिन्यात जाग आलीय. ज्याला त्याला एकतीसच्या आत काम करून हवंय. ऱ्हिडवेनकडे तीन कामं अडकलीत. आमच्याकडे शेवटची जोडणी करायला त्याला एकच दिवस मोकळा आहे — एकतीस. रविवार!

रविवारी काम म्हणजे आमच्यात पाप. आमच्या घरात रविवारी दोरीवर कपडेसुद्धा वाळत नाहीत.

२४ मार्च, रविवार

आंटी केनवेनना आज सांगितलं. त्या आमच्या सगळ्यात जुन्या डीकन, म्हणजे चॅपेलच्या कारभारी, वय शहाऐंशी. मी लहान असताना मला बायबलची वचनं पाठ करायला लावणाऱ्या त्याच. ऱ्हिडवेन मापं घ्यायला आला होता. हा माणूस रविवारी मापं घेतो! तोही मध्ये पडला.

"रविवारी? पिस्गात? माझ्या हयातीत नाही."

"ओढा रविवारी वाहतोच की, आंटी," ऱ्हिडवेन म्हणाला.

"ओढ्याने पिस्गाचं सभासदत्व घेतलंय का?"

"मेंढ्या रविवारी वितात. इद्वल हात लावतो ना?"

"मेंढीला कळा येतात. तुझ्या यंत्राला येतात का?"

ऱ्हिडवेन मापपट्टी गुंडाळू लागला. आंटींचं बरोबर होतं. आणि कुलूपही खरं होतं.

आंटींनी काठीवर हनुवटी टेकली. मग म्हणाल्या, "हा मुलगा कुठल्याच चॅपेलचा नाही. त्याने काय करायचं ते उपासना संपल्यावर करावं. पण पिस्गाचा एकही हात कशाला लागणार नाही. कळलं?"

"कळलं, आंटी."

"आणि यंत्रवाल्या, तू रविवारी तोंडाला विश्रांती दे."

३० मार्च, शनिवार

पाऊस नाही. ओढा बारीक झालाय, ऱ्हिडवेन म्हणतो एवढ्यावर टर्बाइनचं चाक फिरेल पण टिकणार नाही. रात्रभर डोह भरून ठेवायचा. दुपारीच आम्ही दोघांनी खाचांत फळ्या टाकल्या. जुन्या फळ्या, फुगून घट्ट बसल्या. संध्याकाळी वर जाऊन आलो. पाणी पायऱ्यांवर चढत होतं. शेवाळ धुऊन निघालं होतं, दगड काळेभोर. बघत उभा राहिलो. कोकरांना उशीर झाला.

रस्त्यावरून डोह स्पष्ट दिसतो. खाली दोघीतिघी थांबून वर बघत होत्या. मी हात हलवला. त्यांनीही हलवला, जरा जास्तच उत्साहाने.

आज रात्री उन्हाळी वेळेसाठी घड्याळं एक तास पुढे करायची. चॅपेलचं आत्ताच करून आलो. उद्या तेही काम ठरलं असतं.

३१ मार्च, रविवार

कुठून सुरुवात करू!

उपासनेला पोचलो तर बाकं भरलेली. पिस्गात! मागे उभे राहिलेले लोक. हॅटी, हातमोजे, आज इथला मातृदिन, त्याची फुलं. मोरियाची जुनी माणसंही. मला काही कळेना. पाळक प्रिचर्ड धावत आले, चेहरा पांढरा.

"इद्वल, कोण आहे? मला कुणी सांगितलं का नाही? माझे पाण्यात उतरायचे बूट घरी राहिलेत!"

"कशाचं कोण, सर?"

"बाप्तिस्मा कुणाचा आहे?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. डोह भरला! आमच्या गावात डोह भरला म्हणजे एकच अर्थ. काल संध्याकाळी दोघीतिघींनी पाहिलं, आणि रात्री जेवणाच्या टेबलावर सगळ्या खोऱ्याला कळलं. माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मी बॅप्टिस्ट असून!

पाळकांनी उभं राहून खरं सांगितलं. कुणी उठून गेलं नाही. थोडं हसू झालं, मग गाणी म्हटली — चार आवाजांच्या मेळात, छत हललं. इतक्या माणसांत मला थंडी आठवलीच नाही.

नंतर सगळे वर डोहाकडे निघाले. आलोच आहोत तर चाक तरी बघू! वर ऱ्हिडवेन छातीपर्यंतच्या रबरी विजारीत पाण्यात उभा, जाळी साफ करत होता. एका म्हाताऱ्याने टोपी काढून विचारलं, "काय बाळा, पश्चात्ताप झाला का?"

"मीटर लागू द्या, मग करतो!"

लोरी आली होती. फाटकाजवळ, मागे, डोक्यावर निळी हॅट. मी गेलो तर म्हणाली, "कोण होतं रे?"

"कुणीच नाही. टर्बाइनसाठी पाणी अडवलं होतं."

"हो का," म्हणाली. डोहाकडेच बघत होती.

मग अडचण आली. ऱ्हिडवेनला खाली मीटरपाशी असायला हवं आणि त्याच वेळी वर कुणीतरी झडप उघडायला हवी. तो एकटाच. मदतनीस दुसऱ्या कामावर. पाव्हण्यांपैकी कुणी पुढे होईना, रविवार सगळ्यांचाच आहे. सगळे माझ्याकडे बघू लागले, मी आंटीकडे. आजचा दिवस गेला की सगळं गेलं. मनात म्हटलं, प्रभू, क्षमा कर, आणि झडपेकडे निघालो.

काठी आडवी आली.

"थांब. तुला अजून पुष्कळ रविवार पाळायचेत. माझे थोडेच उरलेत. सरक बाजूला."

"आंटी, जड आहे ती."

"माझी काठी धर. एवढंच कर."

शहाऐंशी वर्षांच्या बाईने हातमोजे काढले, घडी करून खिशात ठेवले आणि झडपेचं चाक धरलं. हलेना. पुन्हा. ओठ मिटलेले. मी पाऊल उचललं तर डोळे वटारले! तिसऱ्यांदा करकरलं. मग पाइपात आवाज आला, जणू टेकडीने घसा खाकरला.

खाली ऱ्हिडवेन खोलीत. बराच वेळ काही नाही. मग तो बाहेर आला, टोपी हवेत उडवली आणि ओरडला, "फिरतंय! काटा चढतोय!"

कुणी सुरुवात केली माहीत नाही, पण सगळे गायला लागले. आंटी हातमोजे पुन्हा घालत होत्या. म्हणाल्या, "वर गेल्यावर विचारलं तर सांगेन, ओढ्याला कळा आल्या होत्या."

ऱ्हिडवेनने टेकडीच्या माथ्यावर जाऊन, जिथे फोन लागतो तिथून, मीटरचा फोटो, अर्ज, सगळं पाठवलं. वेळेत.

७ एप्रिल, रविवार

पिस्गात हीटर लागले. अर्ज पोचल्याचा निरोपही आला. पाळक म्हणाले, वीस वर्षं तरी आता कुलपाची भाषा नको. आंटी केनवेननी उपासनेत कोट काढला. आत जांभळा स्वेटर! इतक्या वर्षांत कुणी पाहिला नव्हता.

१० एप्रिल, बुधवार

मेंढ्यांना चारा घालत होतो. लोरी गोठ्याच्या दारात येऊन उभी राहिली.

"डोहाच्या फळ्या पुन्हा कधी टाकणार?"

"आता कशाला? परवा पाऊस झाला. चाक नीट फिरतंय."

"चाकासाठी नाही, इद्वल. माझ्यासाठी."