पासली इंद्रायणी, प्रोप्रायटर बी.ए.

६ जानेवारी, सकाळी ६.१०
ठरलं. नोकरी बास. हैदराबादच्या ह्या पार्सल गोडाऊनमध्ये चार वर्षं दुसऱ्यांचा माल स्कॅन करतोय. खुर्ची आहे, टेबलफॅन आहे, पण जीव एका जागी बसत नाही. आपल्या पासली गावचा इंद्रायणी तांदूळ हितं आणून विकायचा. अख्ख्या शहरात कुणी खात नाही. म्हणजे कॉम्पिटिशन शून्य.
रूम पार्टनर बंडू आपल्याच भोरकडचा, आंबवड्याचा. दहावी नापास, आमच्याच गोडाऊनला हमाली करतो. म्हणाला, डिग्री भूगोलाची आन् धंदा तांदळाचा? त्याला सांगितलं, भूगोलात तांदूळ होता, प्रकरण सात. भोरच्या कॉलेजात मी वर्गापेक्षा एस.टी. स्टँडवर जास्त असायचो हे खरं, पण प्रकरण सात गाइडात वाचलेलं नक्की आहे.
उद्यापासून पाचला उठणे.

७ जानेवारी, ८.४०
उशीर झाला. थंडी होती.

९ जानेवारी
आईला फोन. दोन पोती मागितली. घरातल्यातूनच काढून भोरच्या बुकिंग ऑफिसातून पाठवते म्हणाली. मग नवा तांदूळ, चिकट, पाणी, असं काहीतरी दहा मिनिटं सांगत होती. स्वयंपाकाचा विषय होता, ऐकला नाही. मी मॅनेजमेंट बघतोय.
पोत्यावर रंगवून घ्यायला सांगितलं: पासली इंद्रायणी, प्रोप्रायटर ज्ञानू रेणुसे, बी.ए.

१७ जानेवारी
माल आला. बंडूनं खांद्यावरून आणला, मी खुर्चीत बसून स्कॅन केला. स्वतःचा माल! मशीन नेहमीपेक्षा मोठ्यानं वाजलं.
संध्याकाळी रूमवर भात केला. बंडू चारदा वाढून घेऊन जेवला. नंतर म्हणाला, गावाकडं जायला पायजे एकदा.
मार्केट सर्व्हे: शंभर टक्के समाधान. माणसं दोनच होती, दोन्ही आपल्याकडची. तरी आकडा चांगला आहे.

२० जानेवारी
सॅम्पल वाटले. मेसवाला, वॉचमन, सुपरवायझर. एकानंही नको म्हटलं नाही. फुकट होतं म्हणून, असं बंडूचं मत. बंडूला बिझनेस कळत नाही.
पाचला उठणे पुढच्या सोमवारपासून.

२४ जानेवारी
राजीनामा दिला. सहीपुढं ठळक बी.ए.
सुपरवायझर म्हणाला, पहिल्या तारखेला तुझं पर्मनंटचं लेटर येतंय, आठवडाभर थांब. माणूस चांगला, व्हिजन नाही. उलट त्यालाच गिऱ्हाईक केलं. रविवारी त्याच्या घरी बिर्याणी, तांदूळ माझा.

२६ जानेवारी, रविवार, दुपारी ३
हंडीचं झाकण काढलं. बिर्याणी एका तुकड्यात निघाली. सुरीनं कापून वाढली. सुपरवायझरच्या अम्मीनं फार मायेनं विचारलं, हा भात आजारी माणसाला देतात का.
हेल्थ सेगमेंट. नोंद केली.

२९ जानेवारी
मेसवाल्यानं उरलेलं सॅम्पल परत केलं. त्याच्या भातात डाव रोवला तो तसाच उभा राहिला म्हणे. हितल्या लोकांना दाणान्‌दाणा सुटा लागतो. आता प्रकरण सात आठवून बघितलं तर त्यात तांदूळ कुठं पिकतो ते होतं. कोण कसला खातो ते नव्हतंच. चूक पुस्तकाची.

३ फेब्रुवारी
दोन्ही वेळ इंद्रायणीच. नाष्ट्यालाही तोच, फोडणीचा.
आईचा फोन आला. "लोकास्नी आवडला का रं भात?"
मी म्हणालो, "पुरंना झालाय."
एवढं एकच वाक्य. त्यात कुणाचं काय जातंय? आईनं फोन लगेच ठेवला. एरवी ठेवत नाही.

१० फेब्रुवारी
सुपरवायझरकडं गेलो. तात्पुरतं. माझी खुर्ची बंडूला दिली, पर्मनंटच्या लेटरसकट. मशीन चार दिवसांत शिकला म्हणे. मला जागा फक्त हमालीत. घेतली. धंदा करणाऱ्याला लोडिंग-अनलोडिंगचं ज्ञान लागतंच.
खांदा सुजलाय. मलम बंडूनं आणलं.

१५ फेब्रुवारी, दुपार
पुण्याहून ट्रक आला. दार उघडलं तर समोरच पोतं: पासली इंद्रायणी, प्रोप्रायटर ज्ञानू रेणुसे, बी.ए. त्याच्यामागं दुसरं. एकूण अकरा. कोपऱ्यात खडूनं नावं घातलेली. आईचं, शेजारच्या ठकुबाईचं, सखूबाईचं, खालच्या आळीतल्या सगळ्यांची.
आईला फोन लावला. ती म्हणाली, "तूच पुरंना म्हनलास न्हवं? ठकुबाईनं तर वरीसभर खायचा काढून दिला बग. म्हनली, आमी रेशनचा खाऊ, पोराचा धंदा थांबाय नगं."
मागून ठकुबाईचा आवाज आला, "माजा लागतोय का रं ग्वाड?"
मी व्हय म्हणालो.
मग पोती उतरवली. उजव्या खांद्यावर सहा, डाव्यावर पाच. बंडू खुर्चीत बसून एकेक स्कॅन करत होता. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. शेवटचं पोतं ठेवल्यावर त्यानं पाण्याची बाटली दिली आणि रजिस्टर हळूच माझ्याकडं फिरवलं.
"माल घेणाऱ्याची सही कर, ज्ञानू."
केली. पुढं बी.ए. लिहायला जागा होती. लिहिलं नाही.