पर्थला कोण जाणार

१२ ऑगस्ट २०२५

माफ कर वही, फार उशीर केला. उन्हाळ्यापासून तुझ्यात एक ओळ लिहिली नाही. लिहिण्याजोगे काही नव्हते. आता आहे. आता राग आहे, आणि बायको, प्रेमिला, ऐकून घेत नाही. म्हणते, झालं का तुमचं सुरू.

काल विसाची डॉक्टरी तपासणी झाली. मुलाकडे, प्रशिककडे पर्थला जायचे आहे. सून वैदेही डिसेंबरात बाळंत होणार. वर्षभर राहायचे म्हणून आधी तपासणी — विसावाल्यांनी ठरवून दिलेल्या दवाखान्यातच. एजंट मुकुंदने शहाणपणा करून आमच्या इवायांचीही त्याच सकाळी लावली. इवाई म्हणजे वैदेहीचे वडील गिरिधरराव, प्रताप नगरवाले, आणि त्यांची बायको सुमतीताई. चौघांचे अर्ज वेगळे, बाक एकच.

मी उठून हात जोडले. एरवी जयभीम म्हणतो, त्यांच्यासाठी नमस्कार म्हणालो. गिरिधररावांनी माझ्याकडे पाहिले. चांगले निरखून पाहिले. आणि मान वळवून भिंतीवरच्या टीव्हीकडे बघत बसले. टीव्ही बंद होता!

सुमतीताई लगबगीने म्हणाल्या, "बसा ना लहानूजी, उन्हातून आलात." नवऱ्याच्या वाटचे गोड त्यांनी किती दिवस बोलायचे?

मग छातीचा फोटो. प्रेमिलाचा झाला, ती बाहेर आली. माझा झाला आणि मला परत आत बोलावले. डॉक्टरीण लहान पोरगी, हिंदी बोलणारी. "बाबा, पहले कभी टीबी हुआ था?"

मी म्हणालो, "नाही मॅडम. कोराडीच्या वीज केंद्रात होतो, राखेच्या विभागात. तिथं राख खाल्ली. टीबी नाही."

ती हसली नाही. उजव्या बाजूला वर डाग आहे म्हणाली. राखेचा आहे, जुन्या टीबीचा आहे की आताच्या, ते फोटोवरून सांगता येत नाही. लागोपाठ तीन सकाळी थुंकी द्यायची. त्यात जंतू वाढतात का ते पाहणार. त्याला कित्येक आठवडे लागतात. तोवर माझी फाइल पुढे सरकणार नाही.

गिरिधरराव आत गेले तसे बाहेर आले. छाती साफ. खुर्चीत बसून कलम चालवणाऱ्याची छाती साफ राहणारच.

१३ ऑगस्ट

पहिली थुंकी दिली. उपाशीपोटी. डबी हातात घेऊन उभे राहण्याची लाज वाटली.

१६ ऑगस्ट

झोप नाही. डाग कसा असेल? रुपयाएवढा की बोटाएवढा? विचारायला पाहिजे होते.

आणि तो टीव्हीकडे बघणारा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही. आज सगळे लिहूनच टाकतो.

पोरांच्या लग्नानंतर इवाई पहिल्यांदा वाडीला आमच्या घरी आले. प्रेमिला पहाटेपासून ओट्याशी. सांबारवड्या, पाटवडीचा रस्सा, भात. ताट वाढले तर म्हणतात, "आज माझा उपास आहे." पाण्याच्या पेल्यालाही हात लावला नाही. पाण्याला कसला उपास? बरे, असेल म्हणून मी सोडले. पण ते निघाल्यावर प्रेमिला गच्चीवर वाळवण काढायला गेली आणि तिला दिसले — अमरावती रोडवरच्या टपरीशी, ट्रकवाल्यांच्या घोळक्यात, आमचे उपासवाले इवाई उभ्याने कचोरी खाऊन राहिले. हिरवी मिरची मागून घेऊन.

ती खाली आली. मला सांगितले. ताट उचलून झाकून ठेवले. त्यानंतर ती त्यावर एक शब्द बोलली नाही. मीच बोलतो.

मी मरायच्या आत याची परतफेड करणार. कशी ते माहीत नाही.

२३ ऑगस्ट

काल पोळा झाला, आज मारबतीची मिरवणूक. इतवारीपर्यंत गेलो. प्रेमिला दारात आडवी आली. "आपण मानतो का हे? अन् छातीत डाग घेऊन त्या गर्दीत?"

मानत नाही. पण त्या पिवळ्या बाईच्या पुतळ्यापुढे सगळे गाव आपापली पीडा ओरडते. कोणी महागाई म्हणतो, कोणी पुढाऱ्यांची नावे घेतो. मीही घशाच्या शिरा ताणून ओरडलो — "गिरिधररावाचा माज घेऊन जा गे मारबत!" बाजूच्या पोराने विचारले, "कोण व्हय काका, नगरसेवक का?" म्हटले, त्याच्यापेक्षा मोठा. तोही माझ्याबरोबर ओरडला. त्याचे मित्रही ओरडले. गिरिधररावाचे नाव पार गल्लीच्या टोकाला गेले.

फार बरे वाटले. खोकला आला, पण बरे वाटले.

३१ ऑगस्ट

मिळाले. हत्यार मिळाले.

प्रशिकचा व्हिडिओ फोन होता. वैदेही पोटावर हात ठेवून बसली होती. बोलता बोलता म्हणाली, "माझे बाबा मला परवा फोनवर ताई म्हणत होते. आई म्हणते, झोपेत होते." प्रशिकने लगेच विषय बदलला.

फोन ठेवला आणि डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. दवाखान्यात नर्सने गिरिधररावांना नाव विचारले, उत्तर सुमतीताईंनी दिले. जन्मतारीख — सुमतीताई. औषधे कोणती — सुमतीताई. पायातल्या चपलाही त्यांनीच सरळ करून दिल्या. मला वाटले, काय थाट आहे. थाट नव्हता. माणूस विसरून राहिला आहे, आणि बाई झाकून राहिली आहे!

मुकुंदला फोन लावला. गोलगोल विचारले, समजा एखाद्याला विसरण्याचा रोग असला तर?

"काका, ते निघालं तर मामला अटकते. डोक्याचा वेगळा डॉक्टर, वेगळे कागद. बहुतेक नाहीच मिळत. कोणाचं आहे?"

"कोणाचं नाही. असंच विचारून राहिलो."

माझा डाग त्यांनी फोटोत पाहिला. याच्या डोक्याचा फोटो कोणी काढला नाही. मी एक शब्द बोललो की काढतील.

५ सप्टेंबर

प्रेमिलाला सांगितले. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "जाऊ द्या न."

"काहून जाऊ देऊ वं? आपण इथं थुंकीची वाट पाहत बसायचं अन् त्यानं तिकडं जाऊन नातू पहिले हातात घ्यायचा?"

ती खाली बघून निवडत राहिली. या बाईला राग येतच नाही. देवाने — देव नाही मानत मी — पण ज्याने कोणी केले, त्याने हिच्या वाटचा राग मलाच देऊन टाकला.

१० सप्टेंबर

प्रताप नगरला जाऊन आलो. आजच लिहितो.

मनात असे होते की दवाखान्यात सांगायच्या आधी एकदा त्याच्या तोंडावर बोलायचे. वाडीतल्या त्याच टपरीवरून चार कचोऱ्या बांधून घेतल्या. वाक्य पाठ केले होते — घ्या इवाई, आता तरी उपास सुटला असेल. बसमध्ये घोकत गेलो.

दार त्यानेच उघडले. पायजम्याची नाडी लोंबत होती. मला पाहिले आणि चेहरा असा फुलला, जसा माझ्यासाठी आजवर कोणाचाच फुलला नाही.

"अरे गोविंदा! किती दिवसांनी गा! ये, ये, आत ये. आईनं पाहिलं नाही ना तुले?"

मी म्हणालो, मी लहानू. वाडीचा. प्रशिकचा बाप.

"बस बस," तो म्हणाला. "सायकल आणली का?"

हात धरून मला पलंगावर आपल्याशेजारी बसवले. अगदी खेटून. मी पाठ केलेले वाक्य म्हटले. खरेच म्हटले, लाज कशाला लपवू. "घ्या इवाई, आता तरी उपास सुटला असेल."

त्याने पुडा उघडला. कचोरी पाहून लहान पोरासारखा हसला. एक मोडली, अर्धी आपल्या तोंडात टाकली आणि अर्धी माझ्या तोंडाशी आणली. "खा गा. कोणाले सांगू नको."

मी तोंड उघडले. काय करणार होतो? त्याची बोटे माझ्या ओठांना लागली. तीच बोटे त्याने मग चाटली.

सुमतीताई आतून आल्या आणि दारातच थांबल्या. तोंडाला पदर लावला. नंतर मला स्वयंपाकघरात नेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "गोविंदा यांच्या लहानपणचा मित्र होता. तुमच्याच समाजाचा. यांच्या आईने त्याला घरात येऊ दिलं नाही कधी. आता रोज त्याचीच वाट पाहतात." मग म्हणाल्या, "लहानूजी, कोणाजवळ बोलू नका. वैदेहीला पहिली खेप आहे. मी नाही गेले तर तिच्याजवळ माहेरचं कोण आहे? आणि यांना इथं कोणाच्या भरवशावर टाकून जाऊ?"

मी म्हणालो, नाही बोलणार.

निघताना तो फाटकापर्यंत आला. "उद्या ये गा. आई झोपली की ये."

बसमध्ये राग आला. खूप आला. ज्याच्याशी भांडायला गेलो तो घरी नव्हता! त्याच्या जागी दुसराच कोणी बसला होता, आणि त्याने मला दुसराच कोणी समजून जेवू घातले. याचा बदला कोणाकडून घ्यायचा? मला गिरिधरराव पाहिजे होता. ताठ, कडक इस्त्रीचा. त्याने माझ्या नावाने मला ओळखून पाणी मागायला पाहिजे होते.

११ सप्टेंबर

मारबतीपुढे ओरडलो म्हणून तर झाले नाही? माज घेऊन जा म्हणालो होतो. सगळेच घेऊन जा असे नव्हतो म्हणालो.

मूर्खपणा आहे. तपासणीच्या दिवशीच त्याने ओळखले नव्हते, म्हणजे आधीचेच. तरी सकाळपासून तेच डोक्यात.

प्रेमिलाला सगळे सांगितले. "आपल्या हातानं घास भरवला वं त्यानं मले."

ती म्हणाली, "तुमाले भरवला का गोविंदाले?"

तिने दिवा मालवला.

२ ऑक्टोबर

आज दसरा, पण दीक्षाभूमीवर गेलो नाही. जन्मात पहिल्यांदा. छातीचे नक्की कळेपर्यंत गर्दीत जायचे नाही असे ठरवले. आपल्या लोकांना आपण काय द्यायचे, खोकला? प्रेमिला एकटी गेली. वाडीहून एकटी, बस बदलून. संध्याकाळी आली तर पायांवर धूळ आणि चेहरा एकदम ताजा. "जमते मले एकटीले," म्हणाली. जणू मी काही विचारले होते.

१४ ऑक्टोबर

थुंकीत जंतू वाढले नाहीत. टीबी नाही!

पण सुटका नाही. डाग तोच राहतो की बदलतो, ते पाहायला आज दुसरा फोटो काढला आणि काही महिन्यांनी तिसरा काढणार. मग ठरवणार. म्हणजे डिसेंबर गेला. डॉक्टरीण म्हणाली, "बाबा, यह अच्छी खबर है." तिच्यासाठी असेल.

परतताना मी प्रेमिलाला म्हणालो, तुझा विसा आला तरी तू काय एकटी जाशील? चौघांतली इवाई-इहीणच जातील आता. जाऊ दे. सुमतीताई पोरीजवळ राहतील. माझ्या मनातून गेले ते. खरे सांगतो, गेले.

ती खिडकीबाहेर बघत होती. रिक्षाच्या आवाजात ऐकू आले नसेल असे मला वाटले.

२४ ऑक्टोबर

प्रेमिलाचा विसा आला. इवायांचा थांबवला. गिरिधररावांना डोक्याच्या डॉक्टरकडे तपासायला सांगितले आहे, आणि त्यांच्यामुळे सुमतीताईंचेही जाणे राहिले. मुकुंदचाच फोन होता. "कोणीतरी दवाखान्यात बोललं, काका."

मी शपथ घेऊन म्हणालो, मी नाही. फोन ठेवला तेव्हा प्रेमिला पोळ्या लाटत होती. लाटता लाटताच म्हणाली, "मी सांगतलं. तुमचा दुसरा फोटो काढून राहिले होते, तवा मॅडम एकटीच होती."

"काहून वं? तो तर सगळं भुलला."

"तो भुलला म्हणून मी बी भुलू का?" तव्यावरची पोळी उलटली. "मी जाईन पर्थले. पोरीचं सगळं मी करीन. आईवाणी करीन. पण नातू पहिले माझ्या हातात येईन."

मग पीठ झटकून बॅग खाली काढायला सांगितली. मी काढली.

आता सुमतीताईंचा मेसेज आला आहे. प्रेमिलाच्या फोनवर, पण तिने वाचून फोन माझ्यापुढे ठेवला आणि आत गेली.

'प्रेमिलाताई, आमच्या घरचं कोणी बाहेर सांगितलं असेल? आमचं कुणाशी वैर नाही हो. हे सकाळपासून दारात बसून आहेत. तुम्हाला किंवा लहानूजींना काही समजलं तर लवकर कळवा. मी वाट पाहते.'