बिननावाची बाटली

भूम,
दि. ११ मार्च २०२५

प्रिय सोमलिंग,

चार वर्षांनी माझं पत्र बघून कपाळाला आठ्या पडतील. पडू दे, पण फाडू नको. आमी बरे आहोत. माझ्या पोटातल्या जखमेचं रक्त थांबलं, भाकरी पचती. अक्षर बघून दचकू नको. दवाखान्यातून आल्यापासनं पेन आपसूक डाव्या हातात जातंय, अन् अक्षर हुबेहूब तुझं उतरतंय. त्याच डाव्या हातावरनं लहानपणी तुला म्या लई चिडवलंय.

हे हसण्यावारी नेलं असतं. पण दुपारी डोळा लागला की मी एका जिन्यावरनं पळत असतो. हिरव्या फरशीचा जिना, म्या कधी न बघितलेला. वर खाटेवर तुझी शिवप्रिया. ती विचारती, "मिळालं का?" मी म्हणतो, "आणतोय, आणतोय." माझी नागूबाई सांगती, हे मी झोपेत मोठ्यानं बोलतो, अन् आवाज तुझा असतो.

परवा ते ऐकून ती रडायलाच लागली. मी बेशुद्ध होतो तेव्हा तिनं तुला फोन केला, तू तेरहून येऊन रक्ताची बाटली दिलीस, अन् नाव सांगू नका म्हणून निघून गेलास, हे सगळं तिनं कबूल केलं.

आता माझं ऐक. तुझ्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं ते रक्तदान शिबिर. फोटोखाली दान करू नये, रक्त पुरवणं सरकारचं काम, हे माझं मत आजबी तेच हाय. पण त्या मतापायी म्या वेशीत उभं राहून माणसं परत फिरवली. तुझा मांडव रिकामा राहिला. आठ दिवसांनी शिवप्रिया बाळंतपणात अडली, तिच्या रक्तगटाची एकबी बाटली शिल्लक नव्हती. ती गेली, बाळ गेलं. परत फिरवलेल्यांत तिच्या गटाचे दोघं होते. त्यातल्याच गोरोबानं तेव्हाच मला सांगितलं होतं. तुझ्यापुढं यायची लाज वाटली, म्हणून उलट तुझ्याशीच भांडून बसलो.

आज दुपारी डोळा लागला अन् शिवप्रियानं परत विचारलं. "आणतोय" म्हणायला जीभ वळंना. म्हणालो, "म्याच मिळू दिलं न्हाय."

ती उठून बसली. माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं अन् म्हणाली, "भावजी, तुम्ही? मग हे कुठं हायत?"

सोमलिंग, तिला काय सांगू?

तुझा अपराधी,
बब्रुवान